वाक्य पुरं करू नये

सकाळी वाऱ्याने सभागृहाबाहेरचा फलक उपटून समोरच्या गॅरेजच्या छपरावर नेऊन टाकला, तेव्हा परिषदेच्या संकटांना नुसती सुरुवात झाली होती. पाठोपाठ वीज गेली. जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं. प्रमुख पाहुण्यांनी रस्ता बंद असल्याचा निरोप धाडला, आणि जेवण घेऊन येणारी गाडी कुठे अडकली आहे हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येईना.

धाकटी व्यासपीठाच्या पायरीशी उभी होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली तरी ते बदललं नव्हतं. कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती दात घडवायची. "जगाची तोंडं सुधारते आणि स्वतःचं उघडत नाही," असं दादा चारचौघांत म्हणायचा. तिचं बोलणं अडखळायचं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि दार लावल्यासारखा तिथेच अडायचा. तो सुटायच्या आत दादा तिचं वाक्य पुरं करून मोकळा झालेला असायचा. शाळेत, बँकेत, डॉक्टरकडे. एकदा तिला लग्नाची मागणी आली, तेव्हा नकारही दादानेच कळवला. तिला हो म्हणायचं होतं.

अडखळत बोलणाऱ्यांची ही पहिलीच परिषद तिने उभी केली होती. नियम एकच, तो दारातच लिहून लावला होता: कुणाचंही वाक्य पुरं करू नये. तरी सूत्रसंचालन मात्र दादाकडे होतं. ते समितीने नव्हे, दादानेच ठरवलं होतं.

तिचा फोन वाजला.

"पूल बंद केलाय. मी काही पोहोचत नाही," दादा म्हणाला. "रद्द करून टाक सरळ."

"न... न..."

"नाही कशी? पाहुणे नाहीत, वीज नाही, मी नाही. बोलणार कोण, तू? मॅनेजरला फोन दे, मी सांगतो त्याला."

तिने फोन बंद केला. दादाचं बोलणं असं मध्येच तोडायची तिची ही पहिलीच वेळ.

सभागृहाचा मॅनेजर शेजारीच उभा होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कायम कुठेतरी जायचं असायचं.

"काय ठरलं मग? रद्दच ना?"

धाकटीने बोलायला तोंड उघडलं. शब्द अडला.

"समजलं, समजलं. तुम्ही कशाला त्रास घेता, मी सांगतो." तो दोन ढांगांत व्यासपीठावर चढला. "मंडळी, हवामानामुळे परिषद रद्द झाली आहे. आयोजक दिलगीर आहेत. छत्र्या विसरू नका."

खुर्च्या सरकल्या. माणसं निमूट उठली, भिजलेले रेनकोट पुन्हा अंगावर चढवू लागली. धाकटीला सोसवलं नाही ते हेच. कुणी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आपल्या वतीने दुसरंच कुणीतरी बोलणार, हे त्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आज हे असे परत गेले तर पुन्हा कुठल्याही बोलावण्याला येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती वर चढली. माईक बंद. छपरावर गारा आदळत होत्या.

"प..." ती म्हणाली.

दाराशी पोहोचलेले थबकले.

"प..."

"पुढच्या वर्षी घेऊ म्हणतायत," मॅनेजरने खालून मदत केली.

"ओ स-साहेब!" पहिल्या रांगेतून एक बसकंडक्टर उभा राहिला. स्टॉपची नावं तोंडून निघत नाहीत म्हणून अख्खी नोकरी बेलवर भागवलेला गडी. "वाक्य त-त्यांचं आहे. त्या बघतील काय ते."

सगळं सभागृह थांबलं. थांबणं या लोकांना येत होतं. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी धीर द्यायला हसलं नाही, कुणी ओठ हलवून शब्द सुचवला नाही. धाकटीच्या मानेची शीर ताठली. एरवी अशा वेळी ती अडलेला शब्द टाकून दुसरा, सोपा शोधायची. आज तिने तोच धरून ठेवला.

"परिषद," ती म्हणाली, "रद्द झालेली न... नाही. तसं मी म्हटलेलं नाही. पाहुणे नाहीत, तर आपणच ब-बोलू. जेवण नाही, तर उपाशी बोलू. ज्याला जायचंय त्याने ज... जावं. पण इथे वर येऊन, सगळ्यांना स्वतः सांगून जावं."

"आयला," कंडक्टर म्हणाला, "मग र-राहिलेलंच बरं!"

हशा पिकला. कोट उतरले. खुर्च्या खिडकीच्या उजेडाकडे ओढल्या गेल्या आणि पहिला वक्ता स्वतःचं नाव सांगायला उभा राहिला. त्याला बराच वेळ लागला.

"या चालीने संध्याकाळ होईल हो," मॅनेजर दाराशी कुजबुजला.

"ह-होऊ दे की," कंडक्टर म्हणाला.

दुपारी दादाचा पुन्हा फोन आला. "केलंस ना रद्द? चला, सुटलीस. आता मी सगळ्यांना..."

"दादा."

"हां, कळलं. तुला म्हणायचंय की..."

"दादा. मी ब..." शब्द अडला. पलीकडून दादाने श्वास ओढून घेतल्याचं ऐकू आलं. तिचं वाक्य उचलायच्या आधी तो नेहमी असाच श्वास घ्यायचा.

"थ... थांब," धाकटी म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."

आणि मग तिने वेळ घेतला. लागेल तेवढा.