जादा गादी

त्या हॉटेलात जादा गादी दोन प्रकारची असे. टाकायची आणि लावायची.

रिसेप्शनवरून "जादा गादी टाका" असा फोन आला की मजल्यावरची माणसं कपाटातून फोमची गादी काढत, पलंगाशेजारी टाकत, वर धुतलेली चादर आणि उशी ठेवत. "जादा गादी लावा" म्हटलं की कोणी जागचं हलत नसे. ती गादी फक्त बिलाला लागे. पाहुण्याबरोबर खोलीत एक मूल आहे, त्याचं नाव विचारायचं नाही, ओळखपत्र मागायचं नाही, दारावर टकटक करायची नाही, एवढा तिचा अर्थ. नव्या माणसाला हे कोणी समजावून सांगत नसे. ते हळूहळू अंगवळणी पडे, आणि पडलं की माणूस त्याबद्दल बोलायचं सोडून देई.

हा शब्दप्रयोग मॅनेजरचा. तो काउंटरवरचा साधा कारकून होता तेव्हापासूनचा. आता त्याला काचेची केबिन होती आणि माघारी सगळे त्याला साखरसाहेब म्हणत. कारण एक तर त्याचं बोलणं, आणि दुसरं म्हणजे कोणता पाहुणा चहात किती साखर घेतो हे तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवी. "चेहरा विसरतो तो हॉटेलवाला कसला?" असं तो येताजाता ऐकवी.

वरच्या मजल्याच्या सुपरवायझरचा चेहरा मात्र त्याला आठवायचं कारण नव्हतं. तिने त्याला पूर्वी पाहिलं होतं ते वडिलांच्या पाठीमागून, पोलिसचौकीत. तिची धाकटी बहीण तेव्हा तेरा वर्षांची होती. वडिलांच्या ओळखीतल्या एका माणसाने धाकटीला बक्षीस समारंभ आहे असं सांगून या हॉटेलात आणलं होतं. वडिलांनी तक्रार केली तेव्हा काउंटरवरच्या या कारकुनाला बोलावलं गेलं. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, त्या खोलीत एक पाहुणे होते आणि एक जादा गादी. मुलगी कोणी आली नाही." तक्रार तिथेच बारगळली. धाकटी आता शिवणकाम करते, स्वतःच्या पायावर उभी आहे. पण तिच्या घरात एकाही दाराला कडी नाही. सगळ्या तिने स्क्रू फिरवून काढून टाकल्या.

लग्नानंतर आडनाव बदललं आणि थोरलीने याच हॉटेलात काम धरलं. "नवऱ्याने दिलेली एकमेव उपयोगाची गोष्ट," असं ती आडनावाबद्दल म्हणे आणि नवराही हसे. चादरी बदलण्यापासून सुरुवात करून ती सुपरवायझर झाली. सगळ्यांची मावशी झाली. दुसरीकडून चांगली बोलावणी आली, ती गेली नाही. तिला या माणसाला याच इमारतीतून, समोरच्या दाराने, पोलिसांच्या गाडीतून जाताना बघायचं होतं. त्याहून कमी काही नको होतं.

पोलिसचौकीतल्या इन्स्पेक्टरबाईंना ती आधीच भेटून आली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नुसत्या शब्दावर मी कोणाला उचलू? उद्या म्हणेल, गादी म्हणजे गादीच. माणूस आत असताना मला फोन करा. आणि मी पोचेपर्यंत गप्प राहा. आधी बोंब मारलीत तर काका-पुतणी म्हणून चालते होतील, आणि तुमचा साहेब पुढच्या वेळी शहाणा होईल."

"राहीन," मावशी म्हणाली. आपण गप्प राहू तेवढा वेळ दाराच्या आत कोण असणार आहे, हे तिला तेव्हाही कळलं होतं. तरी ती राहीन म्हणाली होती.

दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरत असताना मजल्यावरचा फोन वाजला. रिसेप्शनची पोरगी होती.

"मावशी, शेवटच्या खोलीला जादा गादी."

"टाकू का लावू?"

"लावा." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "मावशी, शाळेचे बूट आहेत हो पायात."

मावशीने इन्स्पेक्टरबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "निघाले. हलू नका."

लिफ्टचं दार उघडलं. पुढे इस्त्रीच्या शर्टातला माणूस, हातात किल्ली. त्याच्या मागे दहा-अकरा वर्षांची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी, एका बुटाची नाडी सुटलेली. मावशी चादरींच्या गाडीमागे उभी होती. माणसाने तिच्याकडे पाहिलंही नाही. मुलीने पाहिलं आणि थांबून विचारलं, "मावशी, पोहायचा तलाव याच मजल्यावर आहे का? मी पोहायचे कपडे आणलेत."

"चल गं, आधी सामान ठेवू," माणूस म्हणाला.

त्या हॉटेलात पोहायचा तलाव नव्हता. गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, एवढंच.

मावशीने इतकी वर्षं वाट पाहिली होती. अजून थोडी पाहिली की साहेब पुराव्यासकट हातात येणार होता. दार बंद होऊ द्यायचं, बस्स. दोघं खोलीत शिरली. माणसाने आतून दार लोटायला घेतलं.

तिने कपाटातून फोमची गादी ओढली, काखेत धरून धावली आणि मिटत आलेल्या दारात आडवी घुसवली.

"ए बाई, हे काय?"

"गादी, साहेब. पोरीला झोपायला नको का?"

"आम्ही मागवली नाही. काढ आधी."

"काढते की. पण अडकली बघा. तुम्ही आतून ढकला, मी बाहेरून ओढते." आणि तिने ओढायच्या ऐवजी गुडघ्याने गादी आणखी आत रेटली. माणूस दार दाबत होता, गादी चेपत होती, दार काही लागत नव्हतं. मुलीला हसू आलं. "काका, तुम्ही उलटं करताय," ती म्हणाली.

"बाळ, इकडे ये," मावशी तिला म्हणाली. "नाडी सुटलीय तुझी. पडशील." मुलगी गादीवरून उडी मारून बाहेर आली. मावशीने तिला आपल्या मागे उभं केलं, तसा आतल्या माणसाने फोन कानाला लावला.

साखरसाहेब स्वतः वर आला. आधी पाहुण्याला हात जोडले, मग आवाज खाली आणून मावशीला म्हणाला, "वेड लागलंय का तुला? लावा म्हणून सांगितलं होतं."

"मग लावली ना, साहेब. दाराला."

"माझ्याशी जिभेचे खेळ करू नकोस. पोरीला आत जाऊ दे."

"नाही."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आज मी आहे."

त्याने हात पुढे केला. मावशी हलली नाही. मजल्यावरच्या दोन बायका चादरी हातात घेऊन जवळ आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. इतक्यात लिफ्टमधून इन्स्पेक्टरबाई उतरल्या, मागे दोन शिपाई. दारात कोंबलेली गादी पाहून त्या क्षणभर चक्रावल्या. गप्प राहायला सांगितलेल्या बाईकडे त्यांनी रोखून पाहिलं आणि मग त्या साखरसाहेबाकडे वळल्या.

"मॅनेजर आपण? या खोलीत कोण कोण उतरलंय?"

साखरसाहेबाने हे उत्तर इतक्या वेळा दिलं होतं की ते आपोआप बाहेर पडलं. "एक पाहुणे, मॅडम. आणि एक जादा गादी."

"गादी तर इथे दारात आहे," बाई म्हणाल्या. "मग ही कोण?"

मुलीने तेवढ्यात आपलं नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, आणि हे काका आईच्या ऑफिसातले आहेत, आईला सरप्राइज द्यायचंय म्हणून तिला सांगितलेलं नाही, असंही सांगून टाकलं. आईच्या ऑफिसातल्या काकांना शिपायांनी दोन्ही बाजूंनी धरलं. मजल्यावरच्या बायका मुलीला घेऊन खाली गेल्या. रिसेप्शनच्या पोरीने तिच्या आईला फोन लावला.

साखरसाहेबाला त्याच्याच केबिनमध्ये बसवलं. मावशीचा जबाब घ्यायचा होता म्हणून तीही तिथेच होती. इन्स्पेक्टरबाई दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. साखरसाहेबाचं डोकं चालू होतं. आयुष्यभर त्याने प्रकरणं मिटवली होती. समोरचा कोण आहे हे कळलं की मिटवता येतं, हे त्याला माहीत होतं.

"ताई," तो म्हणाला. इतक्या वर्षांत प्रथमच ताई. "तुम्ही हे ठरवून केलंत. मला वेडा समजू नका. तुम्ही कोणाच्या कोण?"

मावशीपाशी उत्तर तयार होतं. भांडी घासताना, बसची वाट पाहताना तिने ते घोकलं होतं. धाकटीचं नाव घ्यायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. तिने ओठ उघडले. मग त्याच्या चेहऱ्यावरची धडपड तिला दिसली आणि तिने ते पुन्हा मिटले.

"चेहरा विसरत नाही ना तुम्ही?" ती म्हणाली. "आठवा."

"त्या बँकवाल्याबरोबर आलेली... हिरव्या फ्रॉकची? तिच्या आईशी मी नंतर बोललो होतो, ताई. आपण मिटवलं होतं ते."

मावशीने नकारार्थी मान हलवली.

"मग ती चष्मेवाली? जिना उतरताना रडत होती ती? तिला मी स्वतः रिक्षा करून दिली."

दाराशी चाललेलं बोलणं थांबलं होतं. फोन कानालाच होता, पण इन्स्पेक्टरबाईंची मान वळली होती. साखरसाहेबाची दाराकडे पाठ होती.

"दोघी बहिणी आल्या होत्या, त्यांच्यातली? की तो डॉक्टर दर महिन्याला आणायचा ती?" आता त्याला थांबता येईना. नाव त्याला एकीचंही माहीत नव्हतं, बाकी सगळं लख्ख आठवत होतं: कोणाच्या हाताला प्लास्टर होतं, कोणी आइसक्रीम मागितलं होतं, कोणता पाहुणा कोणाला घेऊन आला होता. एकेकीनंतर तो मावशीकडे आशेने बघे आणि ती नुसती मान हलवी. आत आलेल्या शिपायाने कागद गुडघ्यावर धरून लिहायला सुरुवात केली होती. ते साखरसाहेबाच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

इन्स्पेक्टरबाई टेबलापाशी आल्या. मावशीजवळ वाकून त्यांनी विचारलं, "यातली तुमची कोणती?"

मावशीने साखरसाहेबावरची नजर काढली नाही.

"अजून आली नाही," ती म्हणाली. "चालू द्या त्यांचं."