घोळाखालची पावलं

आमच्या मावशीला गावच्या जुन्या नाचाची बावीस पावलं येतात. ती येणारी दुसरी बाई गेल्या वर्षी वारली. म्हणजे मावशीचा गुडघा कायमचा संप पुकारायच्या आत पावलं चार पोरींच्या पायांत उतरणं भाग होतं. शाळा वर्ग द्यायला तयार होती. फक्त संस्कृती समितीचा होकार हवा होता.

नाच अस्सल कसा असायचा, याचा समितीकडे पुरावा होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनातलं एक चित्र. प्रवासी इथे घोडा बदलण्यापुरता थांबला होता. त्याच्या चित्रात बायकांचे घागरे जमिनीवर लोळतात. पाऊल एकाही बाईला नाही. पाय काढणं अवघड, घागरा लांबवणं सोपं. मी शिंपी आहे, मला असल्या युक्त्या कळतात.

"तुमचा घागरा पोटरीपर्यंतच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हा अस्सल नाही."

"अहो, माझ्या आजीपासून एवढाच आहे. पाय दिसायला नकोत?"

"चित्रात दिसत नाहीत."

"त्या मेल्याला दिसले नसतील!"

"छापलंय, आजी."

छापलंय म्हणजे खरंच असणार. मावशी माझ्या मशीनशी येऊन बसली. "शीव बाबा, त्याच्याच मापाने. एकदा वर्ग मिळू दे."

शिवले. समितीपुढे मावशी बावीसच्या बावीस पावलं नाचली. बघणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी कपाट सरकवतंय. गुडघा कुठे अडला ते तिच्या चेहऱ्यावरून फक्त मला कळलं. मागे चौघी पोरी नुसत्या तुरुतुरु चालत होत्या.

"हुबेहूब!" समितीने टाळ्या वाजवल्या. मंजुरी मिळाली. अट एकच: वर्गातही हाच पोशाख, आणि दाराशी समितीची एक बाई देखरेखीला.

पहिल्या दिवशी घागऱ्यांचे घोळ सांभाळायला मीही वर्गात. मावशीने घागरा वर खोचला. दाराशी घसा खाकरला गेला. मावशीने तो सोडला आणि पाऊल टाकलं.

"कळलं का गं?"

"काहीच दिसलं नाही, आजी," चौघींतली धाकटी म्हणाली. "आणि परवा आम्ही नुसत्या चाललो, तरी पास झालोच की."

मावशी माझ्याकडे वळली. "कात्री आण."

"मावशी, कापलास तर वर्ग बंद."

ती उभीच राहिली. मग भिंतीला धरून, गुडघ्याला शिव्या घालत खाली बसली. बसल्यावर तिला आपलं आपण उठता येत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. धाकटीच्या घोळाखाली तिने कोपरापर्यंत हात घातले, घोटा धरला आणि उचलला.

"हे पहिलं," ती म्हणाली. "हसू नकोस. पाय सैल सोड."