कुणालाही, कशासाठीही

गच्चीवर ठेवलेल्या घासाकडे कावळा ढुंकून बघत नव्हता, आणि खाली गल्लीत आमचे बाबा मूळव्याधीची जाहिरात करत होते.

"ऑपरेशन नको, चिरफाड नको! माता-भगिनींनो, लाजू नका. पहिली तपासणी अगदी मोफत!"

वर्षश्राद्ध होतं हो त्यांचं! तोच खर्ज, 'भगिनींनो'वरचा तोच हेल. त्र्यंबकेश्वरला ज्या आवाजात त्यांनी हयातभर यजमानांना संकल्प सांगितले, तो 'छोटा हत्ती' टेम्पोवरच्या भोंग्यातून येत होता. आईच्या हातातलं ताम्हन खणकन खाली पडलं. मी श्रेयसकडे बघितलं. श्रेयस माझा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर इंजिनियर, आणि हे सगळं त्याचंच कर्तृत्व.

बाबा आजारी पडले तेव्हा श्रेयसने आई-बाबा दोघांना नाशिकला आपल्या फ्लॅटवर आणलं. नोकरी सांभाळून त्याचं एक खूळ चालायचं: लिहिलेलं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तेही सगळ्यांना फुकट, आतल्या कोडसकट खुलं. त्यासाठी त्याने बाबांना माइकसमोर बसवलं. 'लिफ्टचा दरवाजा बंद होत आहे', 'उद्या कांद्याची आवक वाढेल', असली वाक्यं बाबा दिवसचे दिवस वाचायचे आणि वर "दक्षिणा काय देणार रे?" म्हणून त्याला छळायचे.

आवाज जगाला देण्याआधी श्रेयसने त्यांना विचारलं होतं. अटी घालता येतात, धंद्यासाठी वापरू नका असंही लिहिता येतं, हे सगळं त्याने नीट समजावलं.

"दानाला कसली आलीय अट?" बाबा म्हणाले. "दान देताना आपण काय म्हणतो? न मम. माझं नाही. हातावरून पाणी सोडलं की मागे वळून बघायचं नाही."

आणि या शहाण्याने खरंच तसं लिहिलं. कुणीही वापरा, कशासाठीही वापरा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बाबा गेल्यावर आई त्या आवाजावरच तगली. सकाळी फोनमधले बाबा तिला पोथी वाचून दाखवायचे. ती समोर भाजी निवडत बसायची आणि मध्येच "हं, पुढे" म्हणायची. श्रेयस तर हवेतच होता. "ताई, नव्या व्हर्जनमध्ये बाबा वाक्याच्या मध्ये श्वासपण घेतात! बाहेरच्या देशांतून लोक मदत करतायत," असं त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तर त्या दिवशी श्रेयस सोवळ्यातच जिना उतरून धावला, त्याच्यामागे मी. त्याने गाडी थांबवली.

"दादा, हा आवाज कुठून आणला?"

"ॲपमधून," ड्रायव्हर म्हणाला. "फुकट हाय. आपण लिहायचं, गुरुजी बोलत्यात. लय चालतो हा आवाज. बायामाणसं लगेच भरवसा ठेवत्यात."

"माझे वडील आहेत ते. आज त्यांचं श्राद्ध आहे."

ड्रायव्हर चरकला बिचारा. हात जोडून त्याने भोंगा बंद केला. गल्ली संपेपर्यंत बंद ठेवला. मग वळणावर बाबा पुन्हा सुरू झाले.

आई वर दारातच उभी होती. "त्यांना परत आण, श्रेयस," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

आणणार कुठून? त्याने इंटरनेटवरचं स्वतःचं पान बंद केलं, तोवर आवाजाच्या नकला कुठल्या कुठे गेल्या होत्या. त्याने ॲपवाल्यांच्या विनवण्या केल्या. त्यांनी कळवलं, परवानगी आपणच दिली आहे. खोटं काय होतं त्यात? एकाने तर फार अदबीने लिहिलं: 'वडिलांचा आवाज उत्तम आहे. त्यातली खोकल्याची खरखर आम्ही काढून टाकली आहे.' ते वाचून श्रेयस लहान पोरासारखा रडला.

मग बाबा जिथे तिथे भेटायला लागले. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, प्लॉट विकणाऱ्यांच्या फोनवर, एकदा तर मेलं बनियन-चड्ड्यांच्या सेलमध्ये! आईने बाजारात जाणं सोडलं. पोथीही बंद केली. "अध्याय संपला की आता दुकानाचा पत्ता सांगतील असं वाटतं गं," म्हणाली.

परवा श्रेयस जुन्या कॉम्प्युटरमधून काहीतरी शोधून घेऊन आला. वाचता वाचता बाबा थांबले होते आणि माइक चालूच राहिला होता. तो तुकडा त्याने तेव्हाच कापून बाजूला ठेवला होता.

"आई, हा कुणालाच दिलेला नाही," तो म्हणाला. "हा फक्त आपला."

त्याने फोन तिच्यापुढे धरला. खुर्ची करकरली. बाबा खोकले, घसा खाकरला. मग म्हणाले, "इंदे, चहा टाक गं. आलं घाल जरा. हा पोरगा आज मला मारणार वाचायला लावून लावून."

आईला 'इंदे' म्हणणारे जगात ते एकटेच होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. आईचा चेहरा मात्र कोरडा ठणठणीत.

"आता हे नावपण गेलं का त्यांच्याकडे?" तिने विचारलं.

"नाही गं आई! हे खरे आहेत. खरे बाबा आहेत हे."

"बंद कर," आई म्हणाली. "शेजारी ऐकतील."

आणि उठून तिने खिडकी लावून घेतली.