दाजींचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. पँटीचा नव्हे. तो माझा लांबचा नातेवाईक. त्याच्याकडे माणसाची लाज राखायचं काम, माझ्याकडे जीव राखायचं. झाडावर चढून फांद्या छाटणारा माणूस मला कमरेला आणि दोन्ही मांड्यांना बांधतो, माझ्या कडीत दोर अडकवतो आणि खुशाल अधांतरी बसतो.

माझा जन्म कारखान्यातला. मला शिवणारी बाई दर टाक्याला जांभई देत होती, पण टाका एकही चुकला नाही. आमच्यातल्या एका भावाला तुटेपर्यंत ओढून पाहिलं आणि आमचं खानदान किती मजबूत ते त्याच्यावरून ठरवलं. बिचारा! घराण्याचं नाव राखून गेला.

मी आलो दाजींच्या वाट्याला. त्यांचा मेहुणा त्यांच्याच हाताखाली कामाला होता आणि तो त्यांना ‘दाजी’ म्हणायचा, म्हणून मग सगळेच म्हणायला लागले. चहावालाही. देहाने दाजी भारदस्त. जमिनीवर दहा पावलं चालले की धाप लागायची, पण झाडावर गेले की खारीने शिकवणी लावावी असे. चढण्याआधी बुंध्यावर थाप मारून विचारायचे, “येऊ का?” आणि झाडाच्या वतीने स्वतःच म्हणायचे, “या की!” जेवणानंतर माझं बक्कल लागलं नाही की ते माझ्याकडे संशयाने बघायचे.

“हा पट्टा आटतोय रे,” ते मेहुण्याला सांगायचे.

मी काय बोलणार? पोट त्यांचं आणि बदनामी माझी.

मेहुणा मोठा गुणी माणूस. एकदा कापलेली फांदी झोका घेऊन आली आणि त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटून गेली. लागलं काहीच नाही, पण त्या दिवसापासून त्याचे पाय जमीन सोडेनात. कुणी वर बोलावलं की त्याला खालचा पाला गोळा करायची भारी घाई व्हायची. दाजींना सगळं कळत होतं. त्यांनी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. दोघांच्या वाटची चढाई ते एकटे करत राहिले आणि मी कुरकुरत राहिलो.

मग आल्या तपासनीस बाई.

दर सहा महिन्यांनी आमची तपासणी व्हायची. बाई चष्मा नाकावर ओढून दोराचा वीत न् वीत बोटांखालून काढायच्या. सासू तांदूळ निवडते ना, तशा. करवती, कड्या, हेल्मेटं, सगळं झालं. मला उलटसुलट करून त्या म्हणाल्या, “ठीक आहे.” मी फुगलो. तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, “आता सराव. एक जण वर बेशुद्ध पडेल, दुसरा त्याला सुखरूप खाली आणेल. जमलं तर परवानगी, नाहीतर उद्यापासून काम बंद.”

मेहुण्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“बेशुद्ध मी पडतो,” दाजी लगेच म्हणाले. “मला सवय आहे. घरी हिशेब विचारला की पडतोच.”

गोदामाच्या अंगणातल्या जुन्या झाडावर दोन दोर टाकले, एक दाजींचा आणि एक मेहुण्याचा. दाजी वर गेले, मान टाकली, हातपाय सोडले आणि जीभसुद्धा जराशी बाहेर काढली.

“जीभ आत घ्या,” बाई खालून म्हणाल्या. “बेशुद्ध सांगितलंय, नाटक नाही.”

जीभ आत गेली. मेहुणा दोर हातात धरून उभा राहिला. उभाच राहिला. त्याने गाठ तपासली, परत तपासली. बुटाची नाडी सोडून बांधली.

“लवकर करा,” बाई म्हणाल्या. “लटकलेल्या माणसाला जास्त वेळ ठेवायचं नसतं. पायात रक्त साकळतं.”

इतक्यात फाटकातून दाजींची बायको आली. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या आणि कपाळावर आठ्या. घराची किल्ली दाजींच्या खिशात राहिली होती आणि ती दाराबाहेर उभी राहून राहून कंटाळली होती. तिने वर पाहिलं.

“अहो! किल्ली!”

दाजी हलले नाहीत.

“बाई, ते बेशुद्ध आहेत,” तपासनीस बाई म्हणाल्या.

“माझा आवाज ऐकला की होतातच ते. अहो, ऐकू येतंय ना? दूध नासेल माझं!”

दाजींनी श्वास रोखून पोट आत ओढलं. मला कळणार नाही तर कुणाला? मी पोटालाच बांधलेला. उत्तर द्यावं तर सराव फसला, न द्यावं तर रात्रीचं जेवण गेलं. पण मेहुण्यासाठी त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

“सराव चाललाय ताई,” मेहुणा कसाबसा म्हणाला. “मला त्यांना खाली आणायचंय.”

“मग आण की! मुहूर्त बघतोयस का?”

तेव्हा तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ते तीच गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होते. तिने पिशव्या खाली ठेवल्या. आवाज मात्र मुद्दाम चढाच ठेवला. “लहानपणी माळ्यावरचा लाडू काढायला कोण चढायचं? आणि पडलास तर कोण झेलायचं? मी आहे इथे. चढ!”

मेहुणा चढला. अर्ध्यावर मात्र त्याने खाली पाहिलं आणि बुंध्याला अशी मिठी मारली की आता त्यालाच सोडवायला माणूस लागणार.

तेव्हा माझ्या दाजींनी डोळे न उघडता, ओठ न हलवता पुटपुटायला सुरुवात केली. “खाली नको बघू. माझ्या बुटांकडे बघ. उजव्या पायाखाली खोबण आहे. ठेव पाय. शाब्बास. आता दोर वर सरकव.”

“बेशुद्ध माणसाने बोलायचं नाही!” बाई ओरडल्या.

“बरळतायत ते,” बायको म्हणाली. “झोपेतही असंच बरळतात. मी साक्षीदार आहे.”

पाऊल पाऊल करत मेहुणा आमच्यापर्यंत पोहोचला. दाजींचा दोर आणि आपला दोर त्याने नीट तपासला, मला आपल्या कडीत अडकवलं आणि दाजींच्या बगलेत हात घातला. दाजींना गुदगुल्या फार होतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. बेशुद्ध देह आधी थरथरला, मग गदगदला, मग नाकातून ‘फुर्र’ असा आवाज आला.

“हा झटका असावा,” बायकोने खालून खुलासा केला.

मग आम्ही तिघं हळूहळू उतरलो. दाजी, मेहुणा आणि मी. वाटेत एका छाटलेल्या फांदीच्या खुंटाने मला मांडीपाशी ओरबाडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही ओरडलो नाही; मेहुणा पहिल्यांदाच हसत होता.

जमिनीवर टेकताच बायकोने दाजींच्या खिशातून किल्ली काढली, आणि घराकडे वळायचं सोडून भावाच्या पाठीवर हात फिरवत बसली. दूध तिथेच नासलं.

“पास,” तपासनीस बाई म्हणाल्या. “बेशुद्ध माणूस फार बोलका होता, पण सोडवणाऱ्याचं काम चोख. आता तो पट्टा पुन्हा दाखवा.”

मी घडीत दडून बसलो. बाईंनी घडी उलगडली. त्यांचं बोट फिरत फिरत आलं आणि माझ्या चिरेत अडकलं. नखाएवढी चीर.

“बाद.”

“एवढ्याशा चिरेला?” दाजी कळवळले. “माझ्या अंगाला बसलेला पट्टा आहे हो तो. दुसरा इतका आटणार नाही.”

“अहो,” बायको शांतपणे म्हणाली, “मला नवा पट्टा आणता येईल, नवरा नाही.”

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनीच कात्री मागून घेतली, म्हणजे चुकून कुणी मला पुन्हा बांधायला नको. कापताना त्यांनी मला हळूच विचारलं, “कापू का?” आणि माझ्या वतीने उत्तर द्यायला काही त्यांना जमलं नाही. मेहुण्याने कात्रीवर हात ठेवला, दोघांनी मिळून कापलं.

आता मी शिकाऊ मंडळींच्या खोलीत भिंतीवर टांगलेला असतो. मेहुणा त्यांना शिकवायला येतो. त्याच्या गोष्टीतलं ते झाड दर वर्षी वाढत चाललंय. परवा तर ते ढगात पोहोचलं होतं. गोष्ट संपली की पोरं माझ्या चिरेवरून बोट फिरवतात, मग गुपचूप आपापल्या पट्ट्यावरून. नवे कोरे पट्टे माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत.

तुम्हीही कधी वर चढणार असाल तर आधी इकडे येऊन मला हात लावून जा. फक्त एक विनंती आहे, माझ्यावर ओल्या टोप्या अडकवू नका. मी निवृत्त आहे, खुंटी नाही.