दाराचा रंग

चिनझीने चिरलेला बांगडा दोरीवर असा आपटला की शेजारच्या शुमानच्या अंगावर खारं पाणी उडालं.

"भिंती रंगव म्हटलं होतं त्याला. दाराला हात लाव म्हटलं होतं का? सांग ना, तू होतीस तिथे."

"होते गं बाई. पण माझ्यावर कशाला मासे झटकतेस? पोरगा तुझा."

"माझा म्हणूनच मुकाट आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याच्या आईला गाठून झोडपली असती."

"मग घे की झोडपून स्वतःला," शुमान म्हणाली आणि पदराआड हसावं तसं तळहाताआड हसली.

चिनझी हसली नाही. मुलीच्या बाळंतपणाला ती महिनाभर तैपेईला गेली होती, काल परतली. तेवढ्यात तिच्या मुलाने, हायशेंगने, धक्क्यावरची घरांची सगळी रांग रंगवून टाकली होती. शहरात त्याचं मोठं नाव. पूल, वाचनालयं, बाजाराची छपरं, जिथे त्याचा रंग लागेल तिथे माणसं फोटो काढायला लोटत. आता त्याने स्वतःच्या गावचं बंदर रंगवायला घेतलं होतं. एक घर पेरूच्या गरासारखं गुलाबी, एक हळदीचं, एक जांभळं. आणि मधोमध चिनझीचं, दारासकट नखशिखान्त हिरवं.

या बंदरात बोट रंगवून उरलेला रंग घरच्या दाराला लागायचा. धुक्यातून परतणाऱ्याला आपलं दार लांबून ओळखू यावं म्हणून. तिच्या नवऱ्याची, वांगलायची, बोट हिरवी होती. त्याने दक्षिणेकडच्या बंदरात एका केस कापणाऱ्या बाईशी संसार थाटल्याचं कळलं, तेव्हा चिनझी रडली नाही की कुणाच्या दारी गेली नाही. भर दुपारी सगळ्यांसमोर तिने दार खरवडलं आणि दुकानातून आणलेला तपकिरी रंग लावला. कुठल्याच बोटीवर नसलेला. काही दिवसांनी हिरवी बोट बंदराच्या तोंडाशी आली, थोडा वेळ थांबली आणि वळून गेली. बोलायची गरजच पडली नाही. त्यानंतर तिची कीव करायची कुणाची छाती झाली नाही.

दुपारी हायशेंग पाहुण्यांचा घोळका घेऊन आला. गळ्यात कर्णा अडकवलेला.

"हे माझ्या आईचं घर. दर्यावर गेलेल्या नवऱ्याला दार ओळखू यावं म्हणून तिने आयुष्यभर हा हिरवा रंग जपला. ती अजून वाट बघते आहे."

चिनझीच्या हातातला बांगडा हातातच राहिला. एका तरुण मुलीने डोळे पुसले आणि पुढे येऊन तिचा मिठाने बरबटलेला हात धरला.

"आजी, जरा समुद्राकडे बघता का? एकच फोटो."

चिनझी समुद्राकडे पाठ करून बसली. मुलीला तोही फोटो आवडला.

घोळका पुढे गेल्यावर हायशेंग पायरीवर टेकला.

"रागावलीस?"

"दार कुठल्या रंगाचं होतं, विसरलास?"

"नाही. पण त्या तपकिरीने सगळी रांग मारून टाकली असती, आई. समुद्रातून बघ एकदा. मधे हिरवाच लागतो."

"आणि ती वाट बघणं? तेही मधे लागतं?"

तो नखात अडकलेला रंग काढत राहिला. "नवऱ्याला हाकललेल्या बाईला बघायला इतक्या लांबून कोण येईल? लोकांना वाट बघणारी लागते."

चिनझीने मासा उलटला. पाठीला मीठ कमी वाटलं म्हणून आणखी चोळलं.

"आई, अजून एक आहे." त्याचा आवाज खाली आला. "बाबांनी कुठेतरी फोटो पाहिला. फोन आला होता. ती बाई वारली म्हणे. म्हणाले, दार हिरवं केलं, म्हणजे तुझ्या आईचं मन वळलं का?"

"तू काय म्हणालास?"

"पुढच्या रविवारी उद्घाटन आहे. म्हटलं, या." मग त्याला राहवलं नाही, डोळे चमकले. "विचार कर, सगळ्यांसमोर ते बोटीतून उतरतात, आणि तू दारात..."

पुढचं त्याने गिळलं. पलीकडे शुमान आपल्या गुलाबी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि आजाऱ्याच्या खोलीचं लोटावं तसं दार हळूच लोटून घेतलं. इतक्या वर्षांत चिनझीसमोर तिने कधी दार लोटलं नव्हतं.

चिनझी उठली. हात धुतले, पुसले, आणि मुलाच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या बापाने मला टाकलं, पण त्याला मला बिचारी करता आलं नाही. ते तू केलंस, मी महिनाभर बाहेर होते तेवढ्यात. बापापेक्षा हुशार निघालास."