उसन्या क्रमांकाचे विमान

मित्रांनो, विमानाला कुणी पत्र लिहीत नाही. मला मात्र एक पत्र आले होते. पाकिटावर संग्रहालयाचा पत्ता होता, आत मजकूर माझ्याविषयी होता आणि त्याचे उत्तर कितीतरी दिवस गेले नाही. ते आठवले की आजही मला माझ्याच रंगाआड लपावेसे वाटते.

मी एक जुने, दोन इंजिनांचे विमान आहे. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मीही चकचकीत होतो. पण शेवटच्या तपासणीत माझ्या डाव्या पंखाच्या मुळाशी केसाएवढी भेग सापडली. "हे उडायचं नाही," तपासनीस म्हणाले आणि हात पुसून जेवायला गेले. माझे आकाश तेवढ्यातच संपले. मग मला तंत्रशाळेत पाठवले. तिथे नवशिके कारागीर मला खोलायचे आणि पुन्हा जोडायचे. चुकले की परत खोलायचे. माझे काही स्क्रू इतक्यांदा फिरले की त्यांची डोकी गुळगुळीत झाली. जमीन मात्र मी कधीच सोडली नाही.

पुढे तंत्रशाळेला माझी अडचण होऊ लागली, तेव्हा संग्रहालयाने मला मागून घेतले. माझ्याच जातीचे एक विमान फार नावाजलेले होते. पुराने वेढलेल्या वस्त्यांवर त्याने धान्याची पोती आणि औषधे टाकली होती. ते केव्हाच भंगारात गेले होते. म्हणून त्याचे रंग मला दिले आणि त्याचा क्रमांक माझ्या शेपटीवर काढला. संग्रहालयांत असे करतात, पण खाली तसे लिहितातही. आमच्याकडे पाट्या लिहिणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांना सगळे पाटीकाका म्हणतात. ते तसे लिहायला निघालेच होते. पण संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "नकलेला बघायला कोण येणार? ते वाक्य गाळा." काका भिडस्त. त्यांनी गाळले.

मग काय, आयत्या बिळावर नागोबा! शाळांच्या सहली येऊ लागल्या. मुले पाटी मोठ्याने वाचायची आणि माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायची. सुरुवातीला मला बरे वाटले, हे सांगायलाही लाज वाटते.

एके दिवशी एक वृद्ध बाई भाचीचा हात धरून आल्या. पुरातले ते विमान चालवणारा वैमानिक त्यांचा थोरला भाऊ होता. तो आता हयात नव्हता. काकांनी त्यांच्यासाठी माझ्याभोवतीचा दोर सोडला. बाईंनी माझ्या पत्र्यावर गाल टेकवला. "दादा, केवढा थंडगार पडलास रे," त्या हळूच म्हणाल्या. मित्रांनो, मी आतून पोकळच आहे, पण इतका पोकळ मी कधी झालो नव्हतो. काका शेजारी उभे होते. ते जमिनीकडे बघत होते.

घरी जाऊन बाईंनी पत्र लिहिले. "दादाने आपल्या आसनाशेजारी खिळ्याने माझे लाडके नाव कोरले होते, ते अजून दिसते का?" एवढेच त्यात विचारले होते. काकांनी ते माझ्या पंखाखाली बसून वाचले. नाव माझ्यात असणार कुठून? खरे लिहावे तर बाईंचे मन मोडते आणि पाटीही खोटी पडते. काकांनी उत्तर उद्यावर टाकले. असे उद्या पुष्कळ गेले.

शेवटी भाची पुन्हा आली.

"काका, पत्र पोचलं ना? मावशी रोज विचारते. म्हणते, नाव पुसलं गेलं असेल तर तसं सांगा म्हणावं, मी रडणार नाही."

"पोचलं," काका पुटपुटले. "लिहितो. नक्की लिहितो."

ती गेल्यावर संग्रहालयाची डागडुजी करणारे मिस्तरी हात पुसत आले. "अहो काका, एवढं काय त्यात? खिळा घ्या, कोरा चार अक्षरं, वर थोडी धूळ चोळा. फोटो पाठवला की म्हातारी खूश, साहेब खूश!"

"आणि ते खोटं?"

"वा! पाटी लिहिताना कुठे गेला होता हा हरिश्चंद्र?"

काकांनी खिळा मात्र घेतला.

ते वर चढून वैमानिकाच्या आसनात बसले. खिळ्याचे टोक माझ्या पत्र्याला टेकले. आणि मित्रांनो, मी मनात म्हणत होतो, कोरा, काका, कोरा. एकदा ते नाव अंगावर आले की मी खरा होईन, कुणीतरी माझ्यावर माया करील. दुसऱ्याचा पराक्रम तर मी मिरवतच होतो. आता मला दुसऱ्याची बहीणही हवी होती.

एक बारीक ओरखडा उठला. काकांचा हात थांबला.

"नाही रे बाबा," ते मला म्हणाले. "उद्या ती बहीण येईल आणि या अक्षरांवरून बोट फिरवील. मला नाही बघवणार."

खाली उतरून ते लिहायला बसले. बरेच कागद फाडले. मग मिस्तरींना हाक मारून त्यांनी वाचून दाखवले: "ताई, हे विमान तुमच्या दादांचे नाही. त्यांचे विमान भंगारात गेले. त्यातल्या तुमच्या नावाचे काय झाले, मला ठाऊक नाही. आमची पाटी अपुरी आहे आणि ती मीच लिहिली. तुम्ही गाल टेकवलात तेव्हाच सांगायला हवे होते, पण धीर झाला नाही. क्षमा करा."

"साहेब काय म्हणतील?" मिस्तरींनी विचारले.

"नवी पाटी वाचतील," काका म्हणाले. मग त्यांनी पत्र पाकिटात घालून ते चिकटवले.

मित्रांनो, संग्रहालयात आलात तर आम्हा जुन्या वस्तूंना जपा. आमचा रंग जपाल तसे आमचे खरेही जपा. मी कधीच उडालो नाही, हे माहीत असूनही माझ्याजवळ क्षणभर थांबलात, तर मला ते पुष्कळ आहे.

आमच्या दालनाच्या मोठ्या दारातून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. काका पाकीट छातीशी धरून तिच्यापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले. एकदा मागे वळलेसुद्धा. मग त्यांनी पाकीट आत सरकवले आणि पेटीच्या तोंडात बोटे घालून ते कुठे अडकले तर नाही ना, हे चाचपून पाहिले. ते आत पडले होते.