मग्दालियेचा अश्रू

संत मग्दालियेच्या सणाआधी चर्च लख्ख करायचं काम लीर गावच्या बेगिन बायका स्वतःच करत. ना नवरा, ना मूलबाळ; लोकांच्या धुण्यावर पोट आणि प्रार्थनेत जन्म. त्यांतली आल्देगोंड धुण्यात अशी पटाईत की डाग तिच्यापुढे टिकायचा नाही. तेच अंगाशी आलं. वेदीवरच्या चित्रातली, आपल्या पापांसाठी रडणारी मग्दालिया मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली बघून हिने चादरी धुवायचं राखेचं पाणी फडक्याला लावलं आणि तिचा गाल चोळला. काजळी गेली, आणि गालावरचा टपोरा अश्रूही गेला. मेली अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

बेगिनांच्या थोरल्या बाईंना तिने लगेच सांगितलं. त्या तडकल्या, पण उद्या सणाच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी चित्रकार अश्रू परत काढून देईल म्हणाल्या. प्रकरण तिथेच मिटायचं.

पण संध्याकाळी आल्देगोंडच्याच घरात राहणारी म्हातारी योसिना चर्चमधून आली ती हसतच. योसिनाची धाकटी बहीण लिसबेटही बेगिनच; तरुणपणी ती इथून बाहेर पडून लग्न करणार होती. बेगिनांना तेवढी मोकळीक असते. योसिनाने नाही नाही ते सांगून नवऱ्यामुलाला पिटाळलं, आणि लिसबेट झुरून झुरून देवाघरी गेली. तेव्हापासून योसिना रोज त्या अश्रूसमोर बसे. मिस्सातला ख्रिस्तप्रसाद मात्र घेत नसे, आपली लायकी नाही म्हणे.

"ती रडायची थांबली गं, आल्देगोंड," योसिना म्हणाली. "लिसबेटनं माफ केलं मला. उद्या मी प्रसाद घेणार."

आल्देगोंडने खरं काय ते सकाळवर ढकललं.

सकाळी योसिना पेटीतली ठेवणीतली पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन तयार. आता गप्प राहावं, तर घटकाभरात चित्रकाराने परत काढलेला अश्रू तिला दिसणारच होता. पण खरं सांगायचं तर आल्देगोंडला आधी स्वतःचं मन हलकं करायचं होतं. तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ती रडतेच आहे?"

"ताई, माझ्या हातानं पुसला गेला तो. तुमचं त्यात काही..."

योसिनाने तिला पुढे बोलू दिलं नाही. ओढणी काढली, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"धुण्यात टाक."

ओढणीला साधी सुरकुतीही पडली नव्हती. मिस्साची घंटा झाली तरी आल्देगोंड ती राखेच्या पाण्यात चोळतच होती.